मैदानात टांगलेली लाल बादली

मित्रांनो, मी एक जुनी लाल बादली आहे. लाल म्हणते खरी, पण तो रंग आता निम्माच उरला आहे. उरलेल्या जागी गंजाचे चट्टे आहेत. माझ्या पोटावर कोणे एके काळी पांढऱ्या रंगात 'आग' असं लिहिलेलं होतं. ते आता मला माहीत आहे म्हणून वाचता येतं, तुम्हाला दिसणार नाही.

तुमच्या घरच्या बादल्या मोरीत कशा ठाण मांडून बसतात! मला ते सुख कधी मिळालं नाही. माझं बूड गोल आहे. जमिनीवर ठेवलं की मी लगेच कलंडते आणि पोटातलं सगळं सांडून बसते. त्यामुळे मला कायम खुंटीला नाहीतर फांदीला टांगावं लागतं. लोकांना वाटतं, मला घडवणाऱ्याचा हात चुकला. अजिबात चुकला नव्हता. सपाट बुडाची बादली दिसली की कोणी ती आंघोळीला उचलतं, कोणी म्हशीला आंबोण द्यायला नेतं, आणि आग लागते तेव्हा ती नेमकी जागेवर नसते. माझ्यासारखी गैरसोयीची बादली मात्र कोणी नेत नाही. मी जागेवरच राहावं, एवढ्यासाठी मला असं घडवलं. इतका विचार करून घडवलेल्या वस्तूलाही माणसं चुकीच्या जागी टांगू शकतात, हे त्या कारागिराला तरी कुठे ठाऊक होतं?

खामगावच्या एका पत्रेवाल्याच्या दुकानात माझा जन्म झाला. तिथून मी चिखलीकडच्या एका जिनिंगमध्ये गेले. जिनिंग म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढण्याचा कारखाना. तिथे छपराला टेकतील एवढे कापसाचे ढीग असायचे. अशा ठिकाणी एक ठिणगीसुद्धा पुरते. मला आणि माझ्या बहिणींना वाळूने भरून भिंतीवर ओळीने टांगलं होतं. कचरूभाऊ नावाचे कामगार आमची देखभाल करायचे. वाळूला ओल आली की ती काढून, वाळवून पुन्हा भरायची, कोणी विडीचं थोटूक टाकलं तर वेचून काढायचं, असं त्यांचं चाललेलं असे. एकदा भर दुपारी यंत्रात दगड अडकून ठिणगी उडाली आणि कापसाने पेट घेतला. कचरूभाऊंनी मला खसकन ओढलं आणि पोटातली सगळी वाळू त्या जाळावर उपडी केली. आग तिथल्या तिथे दबली. त्या दसऱ्याला यंत्रांबरोबर मलाही हळदकुंकू लागलं आणि झेंडूचं फूल वाहिलं गेलं. मी आयुष्यात एवढी कधी फुगून गेले नव्हते.

पुढे जिनिंग बंद पडली. यंत्रं कोणीतरी नेली, भिंती राहिल्या. कचरूभाऊंनी आठवण म्हणून मला सायकलला अडकवलं आणि आपल्या गावी आणलं. दुसरबीडच्या पुढे रस्त्याला लागून आमचं गाव आहे. नाव मी सांगणार नाही. जे घडलं ते कोणत्याही गावात घडलं असतं, उगाच एकाची बदनामी कशाला?

मला पाहून कचरूभाऊंच्या बायकोने कपाळाला हात लावला. "आवो, जन्मभर नोकरी केली, आन् आणलं काय, तं हे बिनबुडाचं भांडं! हिले ठेवू कुठी, डोक्यावर?"

"टांग कुठीबी," कचरूभाऊ म्हणाले. "लय गुणाची हाय ते."

त्या बाईंनी मला अंगणातल्या लिंबाच्या फांदीला टांगलं, माती भरली आणि मोगरा लावला. मोगरा छान फुलायचा. जयंतीच्या दिवशी त्या अंगणात निळ्या पताका लागत आणि मोगऱ्याचे गजरे होत. दिवस वाईट नव्हते. तरी आग विझवणाऱ्या बादलीने फुलं सांभाळत बसावं, याची मला मनातून थोडी लाज वाटायची.

त्या काळी आमच्या गावात दिवाळीचे फटाके बाजाराच्या बोळातच विकले जात. एका बाजूला फटाके, शेजारी तेलाचे डबे, समोर भजीवाल्याची भट्टी. मग एका वर्षी तालुक्याहून नियम आला. फटाक्यांची दुकानं वस्तीत लावायची नाहीत. ती गावाबाहेरच्या मैदानात, पत्र्याच्या गाळ्यांत लावायची. दोन गाळ्यांत अंतर हवं, त्यांची तोंडं समोरासमोर नकोत. प्रत्येक गाळ्यात पाण्याचा ड्रम आणि वाळूची बादली हवी. घरात माल साठवायचा नाही. कचऱ्याची गाडी भोंग्यावरून हे सगळं गल्लोगल्ली सांगत फिरली. मी मोगऱ्याखालून ऐकत होते. वाळूची बादली हे शब्द कानावर पडले आणि मला पुन्हा तरुण झाल्यासारखं वाटलं.

चार दिवसांनी निवृत्ती आला. निवृत्तीचं बाजारात किराणा दुकान. दिवाळीत तो फटाके विकायचा.

"कचरूभाऊ, ते लाल बादली देता काय? साहेबाले दाखवाले पायजे."

"ने बापा," कचरूभाऊ म्हणाले. "पण रिकामी नको टांगू तिले."

मोगरा दुसऱ्या डब्यात गेला. मला घासून नवा लाल रंग दिला आणि नदीची चाळलेली वाळू भरली. मैदानात निवृत्तीच्या गाळ्याबाहेर बांबू रोवून मला टांगलं. त्याच संध्याकाळी माझी प्रतीक्षाशी ओळख झाली.

प्रतीक्षा ही निवृत्ती आणि रुक्मिणीबाईंची एकुलती एक लेक. कॉलेजात शिकत होती आणि तिला पोलीस व्हायचं होतं. व्हायचं होतं म्हणजे कसं, तर झोपेतही ती पावलं टाकत असणार, इतकं. गावातल्या आणखी काही मुली तिच्याबरोबर सकाळी त्या मैदानावर धावायच्या. तिची मैत्रीण संजीवनी धावण्यात सगळ्यांच्या पुढे असायची. प्रतीक्षा धावण्यात बेताचीच होती, पण गोळाफेकीत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. भरतीत गोळा फेकावा लागतो. लोखंडाचा तो गोळा ती उजव्या तळहातावर घ्यायची, मानेपाशी टेकवायची, आणि असा फेकायची की मुली आपोआप दोन पावलं मागे सरायच्या. "धावण्यात जे मार्क जातीन ते मी गोळ्यात काढीन," असं ती म्हणायची. तिची सगळी भिस्त त्या उजव्या हातावर होती.

पहिल्याच दिवशी तिने मला बांबूवरून उतरवून एका हाताने वर उचललं, खाली केलं, पुन्हा उचललं. मग खाली ठेवायला गेली, तर मी कलंडायला लागले.

"अगं बाई, हे तं बसतच नाही!" ती हसली. "चांगलं हाय की. एकडाव उचललं का दम खाता येत नाही."

झालं! दिवाळी संपली तरी तिने मला घरी नेऊ दिलं नाही. मैदानाच्या कडेला लिंबाच्या झाडाला टांगून ठेवलं. रोज सकाळी ती मला वाळूसकट उचलून मैदानाला फेरी मारायची. वाळू कमी झाली की ओंजळीने भरायची. मित्रांनो, मला आयुष्यात पुष्कळ हात लागले, पण तिच्या उजव्या हाताची पकड अजून माझ्या कडीत आहे. घट्ट, कोरडी, विश्वासाची पकड. तिला वर्दीत पाहावं, हीच एक इच्छा मला तेव्हापासून लागून राहिली.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला जड जातं.

मैदान गावापासून लांब होतं. मध्ये ओढा, त्यावर पूल, पुढे कच्चा रस्ता. संध्याकाळी तिकडे गिऱ्हाईक फिरकेना. मग दुकानदारांनी आपली एक रीत पाडली. गाळे लावायचे मैदानात आणि माल ठेवायचा घरात. गाळ्यात फुलबाज्यांचे चार पुडे, थोडी भुईचक्रं, पाण्याचा ड्रम आणि मी. म्हणजे नियम मैदानात आणि धंदा घरात. घरी मागच्या खोलीत सुतळी बॉम्बची खोकी छतापर्यंत. सगळेच तसं करत, म्हणून त्यात काही चुकतं आहे असं कोणाला वाटेनासं झालं. मी मात्र त्या रिकाम्या गाळ्यापुढे लटकत राहायची. माझी वाळू कोरडी, माझा रंग ताजा, आणि राखायला समोर काही नाही. कुत्र्याला एका घरी बांधावं आणि माल दुसऱ्या घरी असावा, तसली माझी गत झाली होती.

ज्या वर्षी हे सगळं घडलं, त्या वर्षीही तपासणीला साहेब आले. भले गृहस्थ होते. त्यांनी गाळ्यांमधलं अंतर पाहिलं, ड्रममध्ये डोकावले, माझ्यातली वाळू चिमटीत घेऊन पाहिली.

"वाळू कोरडी आहे. छान. माल एवढाच का?"

"हाव साहेब, एवढाच," निवृत्ती म्हणाला. "औंदा गिऱ्हाईक कमी हाय."

प्रतीक्षा मागे उभी होती. तिने मान खाली घातली. साहेबांची गाडी पुलापलीकडे गेली तशी ती बोलली.

"बाबा, साहेबापाशी खोटं काऊन बोल्ले तुम्ही?"

"अवं, सारेच बोलून राह्यले. इथी मैदानात कोण येते? घरी माल असला तं दारावरून जाता जाता माणूस घेते."

"आन् माय तिथीच सैपाक करते, त्याचं काय?"

"इतक्या वर्षांत झालं काय काही?"

"पाहा बरं. मी पोलीस झाल्यावर पयला छापा आपल्याच घरी टाकीन."

"टाक ना," निवृत्ती हसत म्हणाला. "पण येण्याच्या आंधी मायले चहा ठेवाले सांगजो. आन् बापाले हातकडी सैल लावजो."

प्रतीक्षालाही हसू आलं. बापलेकीचं असंच चालायचं. लेक वर्दीत दारात उभी आहे, हे चित्र निवृत्तीच्या डोळ्यांपुढे त्या क्षणी आलं असणार, कारण किती तरी वेळ तो एकटाच हसत होता. मला त्याचा राग येतो, आणि ते हसू आठवलं की राग टिकत नाही.

त्या दिवाळीच्या तोंडावर परतीचा पाऊस आला. शेतात सोयाबीन भिजलं आणि निवृत्तीच्या मागच्या खोलीत छत गळून खोकी भिजली. फटाके दमट झाले तर फुसके निघतात, हे तुम्हालाही ठाऊक असेल. तुम्हीही दिवाळीआधी फटाक्यांना ऊन दाखवता की नाही? निवृत्तीनेही तेच ठरवलं. धनत्रयोदशीला कडक ऊन पडलं. त्याने अंगणात गोणपाट अंथरलं आणि त्यावर सुतळी बॉम्ब, लडी, भुईनळे, सगळं पापडासारखं पसरलं. त्याच अंगणात, त्याच दुपारी, रुक्मिणीबाईंनी फराळासाठी चूल मांडली होती. शेव आणि करंज्यांची मोठी कढई गॅसवर मावत नाही, म्हणून दरवर्षी त्या अंगणातच तळण करायच्या. चुलीत पऱ्हाट्या होत्या. कापसाची ती वाळकी झाडं जळताना तडतडतात आणि ठिणग्या उडवतात.

हे मी पाहिलं नाही. मी मैदानात होते. रुक्मिणीबाईंनी नंतर कितीदा तरी, आल्यागेल्याला, कधी नुसत्या भिंतीकडे पाहत हे सांगितलं, त्यातून मला कळलं.

"मी म्हटलं यायले, आज मी चूल पेटवून राह्यली, ते फटाके उद्या वाळू घाला. तं म्हणे, वारा तिकडचा हाय, काही होत नाही."

दुपारी वारा फिरला.

मैदानात प्रतीक्षा एकटीच गाळ्यावर बसली होती. गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून ती गोळा हातात खेळवत होती. भरती जवळ आली होती. एकदम गावाकडून आवाज सुरू झाले. आधी लडी लागावी तसा तडतडाट, मग धडाधड. भरदुपारी एवढे फटाके कोण फोडतं? तिने मान वर केली तर गावावर पांढरा धूर चढत होता, आणि तो तिच्या घराच्या बाजूला होता. तिच्या हातातला गोळा जमिनीवर पडला.

तिने मला बांबूवरून ओढलं आणि धावली.

मित्रांनो, मी वाळूने काठोकाठ भरलेली होते. एवढं ओझं घेऊन धावणं म्हणजे काय, हे तुम्ही करून पाहिलंत तरच कळेल. कच्चा रस्ता गेला, पूल गेला, पार गेला. वाटेत माझ्यातली वाळू सांडत होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मध्येच ती "माय, माय" असं काही तरी म्हणत होती. धावण्यात बेताची म्हणवणारी ती मुलगी त्या दिवशी कोणालाही सापडली नसती.

अंगणात पोचलो तेव्हा सगळीकडे धूर होता आणि लोक गल्लीत उभे होते. पुढे कोणाला जाता येत नव्हतं. बॉम्ब फुटत सुटले होते. निवृत्ती गोणपाट भिजवून मागच्या खोलीच्या दाराकडे जात होता आणि शेजारी त्याला ओढून मागे आणत होते. तो ओरडत होता, "थे आत हाय! सोडा मले, थे आत हाय!"

ठिणगी पडल्यावर रुक्मिणीबाई पळाल्या नव्हत्या. खोलीतली खोकी वाचवायला त्या आत शिरल्या होत्या. नवऱ्याचा माल जळू नये म्हणून! तेवढ्यात दारापाशी बॉम्ब फुटले, पत्र्याचं दार धाडकन आपटलं आणि बाहेरची लोखंडी कडी आपोआप खाली पडून अडकली. दाराच्या पायथ्याशी जळकी लड पडली होती, आणि आतून दारावर हात आपटल्याचा आवाज येत होता.

प्रतीक्षाने कोणाला विचारलं नाही. माझं तोंड तिने दाराच्या पायथ्याशी उपडं केलं. उरलीसुरली सगळी वाळू त्या लडीवर पडली आणि तेवढा एक जाळ विझला. तेवढाच. माझ्यात आणखी काही नव्हतं. मी हातातून सुटून घरंगळत भिंतीशी जाऊन पडले आणि तिथून सगळं पाहत राहिले.

दाराची कडी बाहेरच्या जाळाने तापून लाल व्हायच्या बेतात होती. ती वाकून अडकलीही होती. प्रतीक्षाने ती उजव्या हाताने धरली. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी विसरू शकत नाही. तरी तिने कडी सोडली नाही. ती हलेना. तिने आणखी जोर लावला. शेवटी कडी निघाली, दार उघडलं, आणि तिने आईला पदराला धरून बाहेर ओढलं. तोवर कचरूभाऊ पाण्याचा पाइप घेऊन पोचले होते.

रुक्मिणीबाईंची पाठ भाजली होती, पण त्या शुद्धीवर होत्या. त्या लेकीचा हात पाहत होत्या. निवृत्ती अंगणात खाली बसला. दोन्ही हातांनी डोकं धरून तो एकच विचारत होता, "बादली काऊन नव्हती इथी? बादली काऊन नव्हती?"

मी भिंतीशी रिकामी पडले होते.

दोघींना आधी बुलढाण्याला नेलं, मग तिथून पुढच्या मोठ्या दवाखान्यात. रुक्मिणीबाई लवकर घरी आल्या. प्रतीक्षाच्या हातावर पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया झाल्या. मांडीची कातडी काढून तळहातावर लावली. हात वाचला. पण बोटं आतल्या बाजूला आखडली ती आखडलीच. तिने रोज कोमट पाण्यात हात बुडवून बोटं सरळ करायचा प्रयत्न केला. थोडी हलायची. मुठीतून जेमतेम एक लिंबू सुटेल एवढी उघडायची. ती हाताभोवती कायम ओढणी गुंडाळून ठेवू लागली.

भरतीची तारीख लागली तेव्हा तिने अर्ज मागे घेतला नाही. अंगणात पडलेल्या मला घेऊन ती पुन्हा मैदानावर आली. मला डाव्या हाताने उचलू लागली. डाव्या हाताला सवय नव्हती, मी तिच्या गुडघ्यावर आपटायची. ती माझ्यावर चिडायची नाही. संजीवनी तिला डाव्या हाताने गोळा कसा धरायचा ते दाखवायची. कधीकधी प्रतीक्षा कोणी नसताना ओढणी सोडून माझी कडी उजव्या बोटांत अडकवून पाहायची. बोटं मिटायची, पण त्यांत जोर नव्हता. मी निसटायची. ती मला उचलून झाडाला टांगायची आणि काही वेळ झाडाला टेकून उभी राहायची. मित्रांनो, निसटताना मला स्वतःच्या वजनाची चीड यायची.

भरतीच्या दिवशी संध्याकाळी ती एसटीने परत आली. निवृत्ती दुपारपासून माझ्या झाडाखाली थांबला होता, कारण तिथून रस्ता दिसतो.

"काय झालं, पोरी?"

"धावली, बाबा. चांगली धावली. संजीवनीच्या मांगंच होती मी."

"आन् गोळा?"

तिने खांद्यावरची पिशवी खाली उतरवली.

"डाव्यानं लांब गेला नाही. शेवटच्या डावाले उजव्यात धरून पाह्यला. हातातून पडला. थे साहेब म्हणे, बेटा, पाय सांभाळ, पायावर पडीन."

निवृत्तीने तिची पिशवी घेतली आणि दोघं पुलाकडे चालू लागले. थोडं पुढे जाऊन तो थांबला आणि रस्त्यातच तोंडावर उपरणं धरून रडला. लेकच त्याची पाठ थोपटत उभी राहिली. मी एवढं दुःख पाहिलं, पण ते रडणं पाहायला नको होतं असं अजून वाटतं.

यादी लागली. संजीवनीचं नाव होतं, प्रतीक्षाचं नव्हतं. संजीवनी प्रशिक्षणाला निघाली तेव्हा प्रतीक्षा तिला स्टँडवर सोडायला गेली, तिची ट्रंक डाव्या हाताने उचलून दिली. तिथून ती सरळ मैदानावर आली आणि कोणी नाही असं पाहून खूप वेळ रडली.

पुढची दिवाळी जवळ आली तशी ग्रामसभा बोलावली. गावातल्या कोणत्याही घरात फटाके साठवायचे नाहीत, विक्री फक्त मैदानातच, त्यासाठी ग्रामपंचायतीने मैदानापर्यंत दिवे लावायचे आणि रस्ता नीट करायचा, असा ठराव निवृत्तीने मांडला. त्याने स्वतः फटाके विकणं सोडलं होतं. मला सायकलला अडकवून तो सभेत घेऊन आला आणि खांबाच्या खिळ्याला टांगलं. बोलायला उभा राहिला, पण दोनच वाक्यं बोलून खाली बसला.

मागून कोणीतरी म्हणालं, "निवृत्तीच्या घरी झालं म्हून साऱ्या गावाले काऊन शिक्षा?"

"आन् मैदानात जाते कोण बे?" दुसरा म्हणाला. काही लोक हसले.

सरपंच म्हणाले, "वाद नको. ज्यायले ठराव मंजूर हाय त्यायनं हात वर करा."

पाचसहा हात वर गेले. कचरूभाऊंचा होता, रुक्मिणीबाईंचा होता. बाकीचे एकमेकांकडे पाहत बसले. तेव्हा बायकांच्या बाजूला बसलेल्या प्रतीक्षाने ओढणीतून उजवा हात बाहेर काढला आणि वर केला. इतक्या महिन्यांत गावाने तो हात उघडा पाहिला नव्हता.

हात मोजणारे ग्रामसेवक नुकतेच बदलून आले होते. त्यांना काही माहीत नव्हतं. ते लांबूनच म्हणाले, "ताई, मूठ नका करू. हात उघडा, म्हणजे मोजता येईल."

प्रतीक्षा म्हणाली, "सर, हा एवढाच उघडते."

ग्रामसेवकांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग एकेक करून हात वर जाऊ लागले. मघा हसलेल्यांचे हातही वर गेले. त्या सगळ्या हातांची बोटं सरळ, मोकळी, पसरलेली होती, आणि त्यांच्यामध्ये तिचा तो मिटलेला हात तसाच वर होता.

ठराव मंजूर झाला. मित्रांनो, मला त्याचं समाधान आहे. पण गावाच्या या शहाणपणाची किंमत एकट्या मुलीने भरली, हे मी विसरू शकत नाही. तुमच्या गावाला तरी एवढी वाट पाहू देऊ नका. माझ्यासारखी बादली साहेबांना दिसावी म्हणून टांगू नका. जिथे दारू भरलेली एक वात जरी असेल, तिथे मला टांगा, आणि वाळूने भरून टांगा. मी म्हातारी झाले आहे, पण अजून गळत नाही. मला फक्त जवळ असू द्या.